दवणा की गाजरगवत? पारख हिरव्या पानाची

गोंदियाचा व्यापार पारखीवर उभा राहिला आहे. गिरणीवर आलेले धान दाताखाली फोडून त्यातील ओल सांगणारे आणि तेंदूपानाचा रंग व पोत पाहून त्याची प्रत ठरवणारे जाणकार या जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. मात्र हीच नजर दुकानामागच्या रिकाम्या भूखंडाकडे क्वचितच वळते. तेथे, रेल्वेरुळांच्या कडेला आणि धानाच्या बांधांवर कातरलेल्या पानांचे एक झुडूप पावसाळ्यात दाट माजते. कोणास ते दवण्यासारखे वाटते, कोणास शेवंतीचे रोप, तर कोणास एखादी औषधी वनस्पती. बहुतेक वेळा ते असते गाजरगवत. हा गैरसमज घरातील माणसांच्या त्वचेला आणि श्वासाला महाग पडू शकतो. म्हणून दोहोंतील भेद प्रत्येक कुटुंबास ठाऊक असणे अगत्याचे आहे.

दवण्याचे विस्तीर्ण कूळ

दवणा हा आर्टेमिसिया या वनस्पतिगणातील आहे. जगभरात या गणाच्या सुमारे ५०० जाती असून त्यांतील बऱ्याचशा कोरड्या, उघड्या प्रदेशांत वाढतात. संस्कृतात दवण्यास दमनक म्हणतात. कोल्हापूरजवळील जोतिबाच्या चैत्रातील यात्रेत दवण्याला मान असतो. दक्षिण भारतात त्याची लागवड होते आणि त्याचे सुगंधी तेल अत्तरांत व खाद्यपदार्थांच्या स्वादांत वापरले जाते. काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारा किरमाणी ओवा हाही ओव्याच्या नव्हे, तर दवण्याच्याच गणातला. जुन्या काळी पोटातील जंतांवर तो दिला जात असे.

याच गणाचे अमेरिकेतील भाईबंद म्हणजे सेजब्रश. पश्चिम अमेरिकेच्या रुक्ष पठारांवर या रुपेरी झुडपांचा पसारा मैलोन्‌मैल दिसतो. नेवाडा राज्याचे ते राज्यपुष्प आहे. त्यातील मुख्य जातीचे शास्त्रीय नाव आर्टेमिसिया ट्रायडेंटाटा, म्हणजे तीन दातांची. पानाच्या टोकाशी तीन बोथट दाते असतात, तीच तिची खूण. तेथेही फसगत होते. रॅबिटब्रश नावाचे दुसरे झुडूप दुरून तसेच राखी दिसते, परंतु त्याच्या अरुंद पानांना ते तीन दाते नसतात आणि चुरडल्यावर सेजब्रशचा तो उग्र सुवास येत नाही. सेजब्रशच्या पोटजाती वेगळ्या करण्यासाठी तेथील अभ्यासक पाने पाण्यात किंवा अल्कोहोलात चुरून त्यावर अतिनील प्रकाश टाकतात. काही पोटजातींचा अर्क निळा चमकतो, काहींचा जेमतेम. पान पाहावे, चोळावे, हुंगावे आणि तरीही शंका उरली तर कसोटी लावावी, असा हा क्रम आहे.

हा क्रम गोंदियात मात्र जसाच्या तसा उचलता येत नाही. येथे दवण्याच्या रूपात जे झुडूप आपोआप उगवते, ते उघड्या हाताने चोळण्याजोगे नाही.

रूप तेच, गुण निराळे

गाजरगवताचे शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस. ते मूळचे अमेरिका खंडातील. भारतातील त्याची नोंद आर. एस. राव यांनी पुण्यातील आढळावरून १९५६ मध्ये प्रसिद्ध केली. त्यानंतरच्या काही दशकांत ते देशभर पसरले. एक सशक्त झाड हजारो बिया टाकते. त्या हलक्या असल्याने पाणी, वारा, वाहनांची चाके आणि गवताचे भारे यांच्याबरोबर सहज प्रवास करतात.

दवणा आणि गाजरगवत यांची पाने दोन्ही बारीक कातरलेली असतात. तथापि सही वरवर जुळली म्हणून धनादेश वटत नाही. एकेक अक्षर तपासावे लागते. तशाच येथेही चार खुणा तपासाव्यात.

पहिली खूण रंगाची. दवण्याच्या पानांवर दाट पांढरी लव असल्याने झाड राखी-रुपेरी दिसते; गाजरगवत फिकट पण स्पष्ट हिरवे असते. दुसरी खूण उंचीची. दवणा साधारण गुडघाभर वाढतो. गाजरगवत कंबरेपर्यंत आणि पोषक जागी माणसाच्या उंचीपर्यंत जाते. त्याच्या खोडावर उभ्या रेषांसारख्या खाचा असतात. तिसरी आणि सर्वांत भरवशाची खूण फुलांची. दवण्याची फुले पिवळसर असतात, तर गाजरगवतावर पांढऱ्या, पाचकोनी, मोहरीच्या दाण्याहून थोड्या मोठ्या फुलांचे झुपके येतात. चौथी खूण जागेची. दवणा हे लागवडीचे झाड आहे. कोणी न लावता नालीच्या काठी किंवा पडीक जागेत जे रानोमाळ उगवले, ते दवणा असण्याचा संभव फारच थोडा.

एकाच घराण्यातील औषध आणि अपाय

ही दोन्ही झाडे सूर्यफुलाच्या कुळातील आहेत. त्यांचे नाते केवळ पानांच्या नक्षीपुरते नाही. आर्टेमिसिया ॲनुआ या चिनी जातीपासून आर्टेमिसिनिन हे हिवतापावरील द्रव्य मिळाले. त्याच्या शोधासाठी चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांना २०१५ मध्ये नोबेल पारितोषिक लाभले. गाजरगवतातील अपायकारक द्रव्य पार्थेनिन हे रसायनशास्त्राच्या दृष्टीने त्याच वर्गात मोडते. एक हिवताप्याचे प्राण वाचवते, दुसरे वारंवारच्या संपर्काने त्वचादाह निर्माण करते. पापण्या, मान, कोपराच्या खोबणी अशा ठिकाणी खाज व चट्टे उठतात. परागकणांमुळे काहींना सर्दी व दमा जडतो. जनावरांनी ते खाल्ल्यास दुधाला कडवटपणा येतो.

सालेकसा, देवरी यांसारख्या जंगलव्याप्त तालुक्यांना हिवताप अपरिचित नाही. त्यामुळे ‘आर्टेमिसियाचा पाला उकळून प्यावा’ असा सल्ला तेथे सहज पसरू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने हिवतापासाठी असा काढा किंवा चहा वापरण्यास स्पष्ट नकार दिला आहे, कारण पाल्यातील औषधी द्रव्याचे प्रमाण कमी-अधिक असते. त्यात चुकीचे झाड तोडले गेले तर धोका दुहेरी. तापात आरोग्य केंद्रात रक्ततपासणी करून घेणे आणि तेथील गोळ्यांचा पूर्ण क्रम संपवणे, हाच सुरक्षित मार्ग होय.

घर, दुकान आणि गोदामासाठी

गोदामाच्या आवारातील गाजरगवत फुलोरा येण्यापूर्वी, पावसाने जमीन ओली असताना मुळासकट उपटावे. काम करणाऱ्या मजुरास हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि तोंडावर रुमाल देणे ही मालकाची जबाबदारी आहे. ज्यास आधीच खाज किंवा दमा आहे, त्यास या कामावर लावू नये. उपटलेल्या जागी तरोटा वाढू दिल्यास तो गाजरगवतास दाबून टाकतो, आणि त्याच्या कोवळ्या पानांची भाजी तर विदर्भास परिचितच आहे. मेक्सिकोतून १९८३ च्या सुमारास आणलेला एक लहान भुंगेरा गाजरगवताची पाने खातो. तो झाडांवर दिसल्यास तेथे विषारी फवारणी टाळावी. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाच्या पुढाकाराने दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट या काळात गाजरगवत जागृती सप्ताह पाळला जातो.

वनौषधींचा व्यवहार करणाऱ्यांनी वाळलेल्या पाल्याच्या बाबतीत विशेष दक्ष राहावे. वाळल्यावर रंग उडतो, फुले झडतात आणि ओळखीच्या खुणा पुसल्या जातात. म्हणून बिलावर केवळ बाजारनाव न ठेवता शास्त्रीय नाव नोंदवून घ्यावे आणि शंका आल्यास नमुना एखाद्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागास दाखवावा.

विनाकारण हिरवे पानही तोडू नये, असा संस्कार असलेल्या घरात तर ही ओळख अधिकच मोलाची आहे. ती नसेल तर अंगणातील शेवंतीचे निरुपद्रवी रोप उपटले जाते आणि गाजरगवत तसेच राहते. येत्या पावसाळ्यात घरातील मुलांना आवारात नेऊन, हात न लावता, या चार खुणा दाखवाव्यात. धानाची आणि तेंदूपानाची पारख जशी वडीलधाऱ्यांकडून पुढे आली, तशीच ही पारखही त्यांच्या हाती सोपवता येईल.