तापीचा शिधा
लेखमाला : पाणलोट – लेखांक ६

मागच्या लेखांकात आपण हिमनद्यांपाशी थांबलो होतो. बर्फात सेंद्रिय कर्ब साठलेला असतो आणि बर्फ वितळला की तो खालच्या नद्यांना, पुढे समुद्राला मिळतो, हे आपण पाहिलं. २००९ साली एरन हूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अलास्काच्या आखाताला मिळणाऱ्या ११ पाणलोटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या पाणलोटात बर्फ सर्वांत जास्त, तिथल्या पाण्यात विरघळलेला कर्ब सुमारे ४,००० वर्षं जुना निघाला. इतका जुना असूनही त्यातला ६६ टक्के भाग जिवाणूंना सहज खाता येत होता.

आता आपल्या घरच्या नदीकडे येऊ. तापीच्या ७२४ किलोमीटरच्या वाटेवर कुठेही बर्फ नाही. मुलताईजवळ ती उगम पावते, ती जागा जेमतेम ७५२ मीटर उंच. मग तिच्या पाण्यातले जीव जगतात कशावर? उत्तर सातपुड्यात आहे. अलास्कात जे काम बर्फ करतो, ते इथे पानगळीचं जंगल करतं.

साग, सालई, अंजन उन्हाळ्याच्या तोंडाशी पानं गाळतात. यावलच्या जंगलात एप्रिल-मे महिन्यात पाऊल टाकावं तिथे पाचोळा वाजतो. हा सगळा साठा कोरडा असतो, म्हणून कुजत नाही. मृगाचा पाऊस येतो, नाले वाहू लागतात आणि महिनोन्‌महिने थांबलेला शिधा एकदम पाण्यात उतरतो. सुकी, मोर, अनेर यांच्या वरच्या अंगाला पहिल्या पावसानंतर एखाद्या डोहाशी वाकून पाहा. पाणी गढूळ नसतं, पण कोऱ्या चहासारखं तांबूस असतं. तो रंग पानांतून सुटलेल्या द्रव्यांचा. पाण्यात पडलेलं पान पहिल्या एक-दोन दिवसांतच आपल्या कोरड्या वजनाचा चौथा हिस्सासुद्धा सोडून देऊ शकतं. हा विरघळलेला कर्ब जिवाणू लगोलग उचलतात.

पान मात्र अजून संपलेलं नसतं. दगडाच्या आडोशाला ते अडकतं आणि त्यावर बुरशीचे बारीक धागे चढतात. बुरशीने मऊ केलेलं पान कीटकांच्या अळ्या, झिंगे, खेकडे कुरतडू लागतात. काही आठवड्यांनी तेच पान हातात घेतलं तर मधला गर गेलेला असतो आणि शिरांची जाळी तेवढी उरलेली असते. त्याचा भुगा खाली वाहत जातो. तो गाळून खाणारे जीव वेगळे, आणि त्या जिवांवर जगणारे मासे त्याहून वेगळे. रॉबिन व्हॅनोट आणि सहकाऱ्यांनी १९८० साली मांडलं ते हेच : वरच्या नाल्यात जे अर्धवट खाल्लं जातं, त्यावर खालची नदी जगते. म्हणून भुसावळच्या पुलाखालच्या माशाचा संबंध पालच्या जंगलातल्या पानाशी असतो. मला या विषयातली ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. नदीचं पात्र कितीही जपलं आणि वरचा नाला उघडा-बोडका केला, तर नदी उपाशी राहते.

सातपुड्याच्या पायथ्याशी एक वेगळी गंमत घडते. रावेर-यावलच्या पट्ट्यात नाले दगडगोट्यांच्या जाड थरावरून वाहतात आणि बरंचसं पाणी तिथेच जमिनीत मुरतं. केळीच्या बागांच्या विहिरी त्यावरच चालतात. मुरताना पाण्यातला पुष्कळ कर्ब माती आणि तिच्यातले जिवाणू अडवून ठेवतात. शिधा खरा पुढे जातो तो पुराच्या दिवसांत, पाणी जमिनीवरून धावतं तेव्हा.

दक्षिणेकडून आणि पूर्वेकडून येणारा कर्ब वेगळ्या जातीचा. गिरणा, पांझरा, बोरी, वाघूर या नद्या काळ्या मातीतून येतात. पूर्णा तर अमरावती, अकोला, बुलढाणा ओलांडून चांगदेवला तापीला मिळते. पुरात त्या संगमावर येणारं पाणी म्हणजे शेकडो गावांची धुपलेली शेतं. काळ्या मातीची चिकण सेंद्रिय कर्बाला घट्ट धरून ठेवते. त्यामुळे हा कर्ब विरघळून येत नाही, मातीच्या कणांना चिकटून येतो. माशांना आणि जिवाणूंना तो पाचोळ्याइतका सोपा नाही. पाणी संथ झालं की कणांबरोबर तोही तळाशी बसतो.

आणि पाणी संथ कुठे होतं? संगमाच्या खालीच हतनूर धरण आहे. त्याचे ४१ दरवाजे उघडले की बातमी होते, पण जलाशयात दरवर्षी साचणाऱ्या गाळाची एवढी चर्चा होत नाही. तिथे बसलेल्या गाळातला काही कर्ब पुरला जातो. जिथे प्राणवायू पोहोचत नाही, तिथे त्यातल्या काही भागाचा मिथेन होतो. पुढे सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा हे बॅरेज आहेत आणि शेवटी १९७२ साली पूर्ण झालेलं उकाई. खंभातच्या आखाताला तापीकडून मिळायचा तो गाळ आता या पायऱ्यांवर थांबत जातो.

नदी म्हणजे नुसता वाहता नळ नव्हे, हे जोनाथन कोल आणि सहकाऱ्यांनी २००७ साली आकड्यांनी दाखवलं. जगभर जमिनीवरून गोड्या पाण्यात वर्षाला सुमारे १.९ अब्ज टन कर्ब उतरतो. समुद्रापर्यंत पोहोचतो त्यातला ०.९ अब्ज टन. बाकीचा वाटेतच हवेत जातो किंवा तळाशी पुरला जातो.

धरणांत अडणाऱ्या या गाळाला पांझरेकाठच्या जुन्या फड सिंचन पद्धतीत जागा होती. बंधारे ठेंगणे, त्यामुळे पूर वरून निघून जायचा. पाटाने येणाऱ्या पाण्याबरोबर थोडा गाळ फडातही पसरायचा. मोठ्या धरणांनी सिंचन वाढवलं, ते आपल्याला हवंच होतं, पण गाळ अडकला. २०१७ साली राज्यात सुरू झालेली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना म्हणजे वाहून गेलेली माती ट्रॅक्टरने परत आणणं. योजना चांगली आहे, पण बांधावर जे थोडक्या खर्चात अडलं असतं, ते धरणातून उपसायला डिझेल लागतं.

एक गोष्ट इथे स्पष्ट सांगायला हवी. पाण्यात जितका कर्ब जास्त तितकं बरं, असं मुळीच नाही. सांडपाणी हाही सेंद्रिय कर्बच. उन्हाळ्यात प्रवाह आटलेला असताना ते डबक्यात साचलं की जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात आणि मासे मरतात. थोडक्यात, जंगलातलं पान नाल्यात जावं, शेतातली माती शेतात राहावी आणि गटाराचं पाणी शुद्ध झाल्याशिवाय नदीत जाऊ नये.

शेतकरी वाचकांना म्हणून विनंती आहे. यंदा कापूस उलंगला की पऱ्हाटी पेटवू नका, बारीक करून जमिनीत गाडा. नाल्याकाठची करंज-जांभळाची झाडं तोडू नका. आणि माती परीक्षणाचा कागद हातात आला की नत्र, स्फुरद, पालाश यांच्याआधी सेंद्रिय कर्बाचा आकडा पाहा. तो ०.४ टक्क्याच्या खाली असेल, तर बांधबंदिस्तीचं काम पेरणीच्या आधी उरकून घ्या.