मंडप भरला म्हणजे पट वाढला?

संक्रांतीच्या आसपास जिल्हा परिषदेच्या शाळांत स्नेहसंमेलनाची धांदल उडते. नाचांच्या तालमी, भाड्याचे पोशाख, साउंडवाल्याचा इसार, सरपंचांपासून केंद्रप्रमुखांपर्यंत सगळ्यांना निमंत्रणे. रात्री पटांगण माणसांनी फुलते, मुलांच्या नाचाला बक्षिसांच्या नोटा येतात आणि शिक्षकांना वाटते, यंदा पहिलीचा पट वाढणारच. जूनमध्ये पहिलीत मात्र गेल्या वर्षीइतकीच मुले दिसतात.

पटाचा हा प्रश्न गावाच्या जिवाशी आलेला आहे. २०२३ मध्ये छोट्या शाळा एकत्र करून समूहशाळा उभारण्याचा विषय निघाला, तेव्हा राज्यात विसांहून कमी पटाच्या शाळा १४ हजारांहून अधिक असल्याचे समोर आले. पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकपदे ठरवताना, शिक्षकाचे पद जाते आणि एकाच शिक्षकाने चार वर्ग सांभाळलेले पाहून उरलेले पालकही मुलांना खासगी शाळेच्या व्हॅनमध्ये बसवतात. म्हणून शाळेचा कार्यक्रम हा करमणुकीपुरता विषय राहिलेला नाही. त्याविषयीचे काही समज तपासून घ्यायला हवेत.

सर्वांत पक्का समज असा, की कार्यक्रम जितका दणक्यात तितके प्रवेश जास्त. मंडपात बसलेले पालक कोणाचे असतात, ते पाहिले तर यातली अडचण दिसते. त्यांची मुले आधीच शाळेत आहेत. शाळेला हवे असतात ते अंगणवाडीतल्या मुलांचे आईवडील. ही मुले शोधत फिरावे लागत नाही. तीन ते सहा वर्षांच्या मुलांची नावे अंगणवाडीसेविकेच्या नोंदवहीत असतात. त्यातली दाखलपात्र मुले कोणती, हे तिच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. तिच्या अंगणवाडीतल्या मुलांना कार्यक्रमात एखादे बडबडगीत दिले आणि त्यांच्या घरी तिच्याच हस्ते निमंत्रण पाठवले, तर समोरचा प्रेक्षक बदलतो.

शिवाय नाच पाहून पालकाला मूल वाचते का, हे कळत नाही. इंग्रजी शाळेकडे निघालेल्या आईच्या मनातला खरा प्रश्न तोच असतो. त्या दृष्टीने बालआनंद मेळाव्यातला बाजार स्नेहसंमेलनाहून कितीतरी बोलका. चौथीतली मुलगी दोन जुड्या मेथी आणि पाव किलो वांगी विकते, शंभराची नोट घेते, उरलेले पैसे तोंडी हिशेब करून मोजून देते. गिऱ्हाईक शेजारचीच काकू असते. ही काकू संध्याकाळी ओट्यावर बसून जे सांगते, त्याची बरोबरी कोणताही फ्लेक्स करू शकत नाही. मुलांनी आजोबांना गोष्टीचे पुस्तक मोठ्याने वाचून दाखवणे, प्रयोगाच्या टेबलावर पालकांच्या प्रश्नांना मुलांनीच उत्तरे देणे, हेही त्याच तोलाचे. असल्या कार्यक्रमाला खर्च नगण्य लागतो. तयारी मात्र वर्षभराची लागते, कारण न शिकलेले मूल त्या दिवशी ऐनवेळी शिकवता येत नाही.

दुसरा समज जूनचा. पहिल्या दिवशी ढोल-लेझीम, सजवलेली बैलगाडी, गुलाबाचे फूल आणि नवी पुस्तके देऊन होणारा प्रवेशोत्सव सुंदरच असतो. आलेल्या मुलाचे पाय शाळेत रुळायला तो मदत करतो, आणि म्हणून तो व्हावाच. पण त्याने नवे प्रवेश येतात असे मानणे चुकीचे आहे. खासगी शाळांचे प्रवेश कितीतरी आधी उरकलेले असतात आणि घरातला निर्णय त्याहून आधी झालेला असतो. ‘गुढीपाडवा, पट वाढवा’ म्हणत शिक्षक पाडव्याला घरोघर जातात, त्यामागे हेच गणित आहे.

हंगाम गावागणिक वेगळा असतो, हेही लक्षात घ्यावे लागते. बीड जिल्ह्यातली ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि कारखान्यांचा गाळप हंगाम संपला की परततात. जानेवारीचे स्नेहसंमेलन त्यांच्यासाठी झालेलेच नसते. अशा गावात मेळाव्याची तारीख वस्तीवरच्या लोकांना विचारूनच ठरवावी लागते.

राज्यात २०२२ पासून सुरू झालेला शाळापूर्व तयारी मेळावा या दोन्ही समजांना चांगले उत्तर देतो. पहिला मेळावा एप्रिलमध्ये, दुसरा जूनमध्ये. पहिलीत येणारे मूल आईचे बोट धरून टेबलामागून टेबल फिरते: नोंदणी, शारीरिक विकास, बौद्धिक विकास, भाषा, गणनपूर्व तयारी, असे. उड्या मारणे, कागदाला घडी घालणे, वस्तूंचे गट करणे, चित्र पाहून बोलणे. काय जमले, काय अजून जमायचे आहे, हे विकासपत्रावर टिपले जाते. मग मातांचे गट तयार होतात आणि सुट्टीच्या आठवड्यांत आया एकत्र बसून मुलांकडून सोप्या कृती करून घेतात. जूनमध्ये तेच विकासपत्र पुन्हा भरले जाते. मुलाची प्रगती आईला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते.

यातूनच तिसरा समज गळून पडतो, की कमी शिकलेल्या आईला शाळेतले काय कळणार. डाळ आणि तांदूळ वेगळे करायला लावणे, ताटे मोजायला सांगणे, गोष्ट अर्धी सांगून पुढचे विचारणे, याला पदवी लागत नाही. आईला फक्त पाहुणी म्हणून बोलावले तर ती मागच्या रांगेत बसून परत जाते. तिच्यावर काम सोपवले तर ती शाळेची होते. इथे एक गोष्ट मात्र जपायला हवी. अनेक शाळा महिलांना जमवण्यासाठी हळदीकुंकवाचे निमित्त करतात. हेतू चांगला असतो, पण नवरा गेलेली आई त्या निमंत्रणावर बहुधा घरीच थांबते, आणि मुलाच्या शाळेची गरज अनेकदा तिलाच सर्वाधिक असते. अशा प्रथा मोडता येतात: कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला. शाळेने निमंत्रणावर साधे ‘माता मेळावा’ लिहिले, तरी तिच्यासाठी दार उघडे राहते.

चौथा समज वस्तूंचा: दप्तर, छत्री, पाटी वाटली की मुले येतात. पाठ्यपुस्तके आणि पोषण आहार तर सरकारी शाळेत मोफतच मिळतात. पालक अडतो तो बऱ्याचदा कागदावर. जन्माचा दाखला नाही, आधीच्या शाळेने दाखला दिलेला नाही, म्हणून मूल घरी. शिक्षणहक्क कायदा २००९ या बाबतीत स्पष्ट आहे. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश लांबवता येत नाही. देणगी मागणे आणि प्रवेशासाठी मुलाची चाळणी लावणे यांना मनाई आहे, हेही पुष्कळ पालकांना ठाऊक नसते. मेळाव्यात एक टेबल केवळ कागदपत्रांच्या शंकांसाठी ठेवले, तर छत्रीवाटपापेक्षा अधिक मुले शाळेत येतील.

मोठा निधी आणि भव्य इमारत असल्याशिवाय गाव शाळेकडे वळत नाही, असेही म्हटले जाते. पण खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा पटाअभावी बंद पडण्याच्या बेतात होती. गाव आणि शिक्षक एकत्र आले, मोठी मुले विषयमित्र बनून लहानांना शिकवू लागली आणि २०२५ च्या ‘वर्ल्ड्स बेस्ट स्कूल’ पुरस्कारांत समाजसहभागाच्या गटात ही शाळा जगातल्या पहिल्या दहांत निवडली गेली. शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीच्या शाळेने तर प्रवेशासाठी प्रतीक्षायादीही पाहिली. दोन्ही ठिकाणी गावकरी वर्षातून एका रात्रीपुरते प्रेक्षक नव्हते. शाळेच्या कामात त्यांचा हात होता.

शेवटचा समज नोंदीचा. मेळाव्यात नाव लिहिले गेले की काम झाले, असे वाटते. ऑक्टोबर २०११ च्या राज्यव्यापी पटपडताळणीत कागदावरची संख्या आणि वर्गातली मुले यांतली दरी उघडी पडली होती. मेळाव्यानंतरच्या आठवड्यात नोंदलेल्या प्रत्येक घरी कोणीतरी जायला हवे, आणि ते काम एकट्या मुख्याध्यापकांचे नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सदस्य पालक असतात आणि समितीत निम्म्या महिला असाव्यात असे कायदा सांगतो. एरवी सह्यांपुरती भरणारी ही समिती जुलैच्या बैठकीतच वर्षाचे कार्यक्रम ठरवू शकते: कोणती तारीख मजुरांना सोयीची, कोणत्या वस्तीवरून मुले येत नाहीत, कोणती आई कोणत्या टेबलावर बसेल आणि नंतर कोण कोणाच्या घरी जाईल. मंडपवाल्याला फोन त्यानंतर करावा.