ताप उतरल्यानंतर – ६ : सैन्याच्या शीतगृहातला पुरावा

पोलिओतून सावरलेल्या माणसांचे स्नायू तीस-चाळीस वर्षांनी पुन्हा का दुबळे होऊ लागतात, ते मागील लेखात पाहिले. तिथे निदान मूळ दुखणे रुग्णाला आणि घरच्यांना पक्के आठवत असते. पण जो विषाणू शरीरात कधी शिरला हेच बहुतेकांना कळत नाही, त्याचे पुढचे परिणाम शोधायचे कसे? एपस्टीन-बार विषाणूने संशोधकांना कित्येक दशके या प्रश्नात अडकवून ठेवले.

१९६४ साली लंडनमध्ये अँथनी एपस्टीन, इव्होन बार आणि बर्ट अचाँग यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हा विषाणू दिसला. तपासणीसाठी युगांडातून आणलेल्या, लहान मुलांच्या जबड्यात होणाऱ्या एका कर्करोगाच्या पेशींत तो होता. पुढे लक्षात आले की जगातल्या सुमारे ९५ टक्के प्रौढांच्या शरीरात त्याचे बिऱ्हाड आहे. तो लाळेतून पसरतो आणि रक्तातल्या बी-पेशींत जन्मभर दडून राहतो. भारतासारख्या देशांत बहुतेकांना तो बालपणीच गाठतो आणि फारसा त्रास न देता मुक्काम ठोकतो. कॉलेजच्या वयात पहिल्यांदा गाठले, तर मात्र मोनोन्यूक्लिओसिस होऊ शकतो : ताप, सुजलेला घसा, मानेत गाठी आणि आठवडेच्या आठवडे न जाणारा थकवा.

असा मोनो होऊन गेलेल्यांत पुढे मल्टिपल स्क्लेरोसिसचे प्रमाण जास्त दिसे. या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणाच मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचे मायेलिनचे वेष्टन कुरतडते. कुणाची नजर अंधूक होते, कुणाला मुंग्या येतात, कुणाचा चालताना तोल जातो. संशय होता, पण तो सिद्ध करणे अवघड होते. गावातली शंभरातली पंच्याण्णव माणसे एकाच विहिरीचे पाणी पीत असतील, तर मोजक्यांच्या पोटदुखीचा दोष विहिरीवर कसा ठेवणार? त्यासाठी ते पाणी अजून न प्यायलेली माणसे हवीत आणि त्यांच्यावर वर्षानुवर्षे नजर ठेवायला हवी.

हे काम नकळत अमेरिकी सैन्याने करून ठेवले होते. तिथे भरती होताना आणि त्यानंतर साधारण दर दोन वर्षांनी सैनिकांची एचआयव्ही चाचणी होते. चाचणीनंतर उरलेले रक्तद्रव फेकून न देता गोठवून ठेवले जाते. हार्वर्डमधील अल्बर्टो अस्केरिओ, शेटिल ब्यॉर्नेविक आणि सहकाऱ्यांनी १९९३ ते २०१३ या काळातल्या एक कोटीहून अधिक सैनिकांच्या नोंदी चाळल्या. त्यांतल्या ९५५ जणांना सेवेत असताना मल्टिपल स्क्लेरोसिसचे निदान झाले होते. पैकी ८०१ जणांचे आजारापूर्वीचे नमुने अभ्यासाला उपयोगी पडले.

या ८०१ पैकी फक्त ३५ जणांच्या पहिल्या नमुन्यात एपस्टीन-बारच्या अँटिबॉडी नव्हत्या. खरी कसोटी याच ३५ जणांची होती. पुढचे नमुने तपासले तेव्हा त्यांतल्या ३४ जणांना आजाराची लक्षणे दिसण्याआधी संसर्ग होऊन गेल्याचे आढळले. तुलनेसाठी निवडलेल्या, आजार नसलेल्या सैनिकांपैकी १०७ जणही सुरुवातीला संसर्गमुक्त होते. त्यांच्यात हे प्रमाण ५७ टक्केच निघाले. संसर्गानंतर आजाराचा धोका ३२ पटींनी वाढत होता. लाळेतूनही पसरणाऱ्या सायटोमेगॅलो विषाणूबाबत अशी वाढ दिसली नाही.

एक शंका उरत होती. सुप्तावस्थेतला आजारच शरीराला संसर्गाकडे ढकलत असेल तर? मज्जातंतूंना इजा झाली की न्यूरोफिलामेंट लाइट चेन हे प्रथिन रक्तात वाढते. पुढे आजारी पडलेल्या सैनिकांत ते संसर्गानंतरच वाढलेले दिसले. म्हणजे विषाणू आधी, इजा नंतर.

जानेवारी २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हे निष्कर्ष आले. त्याच महिन्यात स्टॅनफर्डच्या गटाने ‘नेचर’मध्ये एक संभाव्य यंत्रणा मांडली. विषाणूच्या ईबीएनए-१ या प्रथिनाचा एक तुकडा मेंदूतल्या ग्लायलकॅम या प्रथिनाशी मिळताजुळता आहे. काही रुग्णांत विषाणूसाठी तयार झालेली अँटिबॉडी या ग्लायलकॅमलाही जाऊन चिकटते.

हे वाचून कुणी धास्ती घेण्याचे कारण नाही. विषाणू जवळपास सर्वांकडे असला, तरी मल्टिपल स्क्लेरोसिस फार थोड्यांना होतो. त्यासाठी जनुकीय ठेवण, धूम्रपान, ड जीवनसत्त्वाची कमतरता अशा इतर गोष्टींचाही हात लागतो. विषाणूविरोधी लसींच्या मानवी चाचण्या आता सुरू झाल्या आहेत. मात्र लसीमुळे मल्टिपल स्क्लेरोसिस टळतो की नाही, हे कळायला टोचल्यानंतर अनेक वर्षे थांबावे लागेल.

पुढील आठवड्यात चिकुनगुनिया : ताप आठवड्याभरात उतरतो, तरी सांधे महिनोन् महिने का धरलेले राहतात?