सेल, बल्ब आणि एकच वायर

तुमसर तालुका मँगनीजचा. इथल्या डोंगरी बुजुर्ग खाणीतलं मँगनीज डायऑक्साइड कोरड्या सेलसाठी वापरलं जातं. पण सेल, बल्ब आणि एकच वायर देऊन ‘दिवा लावा’ म्हटलं, की ओहमचा नियम पाठ असलेले पदवीधरही अडतात. करंट बल्बमध्ये ‘खर्च’ होतो, असंही अनेकांना वाटतं. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठाच्या लिलियन मॅकडरमॉट यांनी भावी शिक्षकांना अशाच प्रयोगांतून शिकवलं: आधी अंदाज, मग जोडणी, सूत्र शेवटी. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने २००४ मध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘नियस’ उपक्रम सुरू केला. बी.एड.च्या वर्गात मात्र अजून पाठ टाचणाचाच थाट! सेल, बल्ब आणि वायर हे सामान शंभर रुपयांच्या आत येतं. प्राध्यापकांनी आधी स्वतः दिवा लावून पाहावा.