रकान्यांची वही आणि कागदांची फाइल

देशातील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यातील टेंभली या गावी देण्यात आला. शहाद्याहून तळोदा ओलांडून पुढे गेले की अक्कलकुवा तालुका लागतो. त्या १२ अंकी क्रमांकाबद्दल तुम्ही पुष्कळ ऐकले असेल. परंतु कोट्यवधी माणसांच्या नोंदी संगणकात ठेवतात कशा, याचा विचार केला आहे काय?

तुमच्या शाळेचे जनरल रजिस्टर आठवा. उभे रकाने आधीच आखलेले असतात: नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ आणि शेवटी शेरा. प्रत्येक विद्यार्थ्याला एक आडवी ओळ. संगणकातही माहिती अशीच तक्त्यांत ठेवता येते. आयबीएममधील एडगर कॉड यांनी १९७० मध्ये या पद्धतीला गणिताचा भक्कम पाया दिला.

लंबकाच्या प्रयोगाला असा तक्ता उत्तम. प्रत्येक वेळी तीच मापे: लांबी आणि २० आंदोलनांना लागलेला वेळ. माणसे मात्र लंबक नव्हेत! अक्कलकुव्याच्या सातपुड्याकडील भागात गाव एका जागी नसते, ते पाड्यापाड्यांत विखुरलेले असते. शहरात बसून कोणी 'इमारत', 'गल्ली', 'रस्ता' असे रकाने आखले, तर ते येथे कोरे राहतील आणि 'पाडा' लिहायला जागाच सापडणार नाही. एखाद्या आजीला जन्मतारीख ठाऊक नसते, वय तेवढे अंदाजाने सांगता येते. आधारच्या नोंदणीत तशी सोय ठेवावी लागली. पाच वर्षांखालील बालकाचे बोटांचे ठसे घेत नाहीत. त्याची नोंद आईच्या किंवा वडिलांच्या क्रमांकाला जोडतात. अशा प्रत्येक प्रकारासाठी नवा रकाना काढला, तर तक्ता रुंद होतो आणि बहुतेक ठिकाणी रिकामा राहतो. उरलेसुरले सारे मग 'शेरा' या रकान्यात कोंबले जाते. शेऱ्यात गेलेली माहिती म्हणजे माळ्यावर टाकलेली वस्तू!

दुसरा मार्ग असा: प्रत्येक माणसाला स्वतंत्र कागद द्यायचा. त्यावर बाबीचे नाव आणि तिच्यापुढे माहिती लिहायची. आजीच्या कागदावर 'अंदाजे वय' असेल, नातवाच्या कागदावर 'आईचा क्रमांक'. नको ती बाब लिहायचीच नाही. असे कागद सांभाळणाऱ्या व्यवस्थेला डॉक्युमेंट डेटाबेस म्हणतात. २००९ मध्ये लोकांसमोर आलेली मोंगोडीबी ही त्यांतली एक प्रसिद्ध व्यवस्था.

२०१२ मध्ये बंगळूरला 'द फिफ्थ एलिफंट' या नावाने प्रोग्रामर मंडळींचा मेळावा भरला होता. आधारच्या अभियंत्यांनी तेथे आपली मांडणी उलगडून दाखवली. नाव, पत्ता, छायाचित्र असलेले नोंदणीचे कागद मोंगोडीबीत होते. दिलेल्या क्रमांकांच्या नोंदी मात्र मायएसक्यूएल या तक्त्यांच्या व्यवस्थेत ठेवल्या होत्या. वही आणि फाइल, दोन्ही!

दोन्ही कशाला? कारण फाइलीच्या मोकळेपणाचीही किंमत मोजावी लागते. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन झाले आणि अक्कलकुवा नव्या नंदुरबार जिल्ह्यात आले. तालुके आणि जिल्हे यांचा वेगळा तक्ता असेल, तर त्यात अक्कलकुव्याची एक ओळ बदलली की काम संपले. जिल्ह्याचे नाव प्रत्येकाच्या कागदावर लिहिले असेल, तर तालुक्यातील एकूण एक कागद दुरुस्त करावा लागेल. काम अर्ध्यात थांबले, तर शेजारीशेजारी दोन जिल्ह्यांत! कागदावर नुसता तालुक्याचा क्रमांक लिहूनही हे टाळता येते. पण मग जिल्हा हवा असेल तेव्हा दुसरा कागद शोधणे आले.

याहून मोठा धोका मला दिसतो तो निराळाच. एकाने बाबीचे नाव 'पाडा' लिहिले, दुसऱ्याने 'वस्ती'. पुढे 'पाडा' ही बाब शोधून लसीकरणाची यादी काढली, तर दुसऱ्याने नोंदलेली बालके तीत येणारच नाहीत. संगणक चूकही दाखवणार नाही, कारण त्याच्या दृष्टीने चूक झालेलीच नाही. आखलेल्या रकान्याचे नाव सर्वांना एकच असते, तेथे हा घोटाळा होत नाही. म्हणूनच डॉक्युमेंट डेटाबेसलाही आता नियम घालता येतात: अमुक बाबी नसतील, तर कागद आत घ्यायचाच नाही. म्हणजे रकाने मागच्या दाराने परत आलेच!

वर्गात करून पाहा. दहा जणांनी एकमेकांना न विचारता आपला पत्ता बाबींची नावे घालून एकेका कागदावर लिहावा. हे सारे पत्ते एका तक्त्यात बसवा. किती रकाने लागले आणि किती घरे कोरी राहिली ते मोजा. मग 'गाव' ही बाब असलेले कागद बाजूला काढा आणि खाली कोण उरले ते पाहा.