बॅटरीची भीती, सेन्सरवर भरवसा

नवी गाडी घ्यायचं ठरलं की सल्ल्यांना तोटा नसतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, ऑफिसच्या कँटीनमध्ये, लग्नाच्या पंगतीतही ते मिळतात. "इलेक्ट्रिक घेऊ नका, घाटात अडकाल." "हायब्रिड म्हणजे नुसता स्टिकर." "ती घ्या, आपोआप चालते!" यातली बहुतेक विधानं अर्धीच खरी असतात. शिवाय आपली भीती आणि आपला भरवसा यांच्या जागाही उलटसुलट झाल्या आहेत. घाबरायचं कारण नाही तिथे आपण घाबरतो आणि सावध राहायला हवं तिथे निर्धास्त होतो.

गैरसमज : घाट चढताना बॅटरी संपते.

वस्तुस्थिती : खोपोली ते लोणावळा हा चढ उंचीने साधारण साडेपाचशे मीटर आहे. माणसं आणि सामान धरून सतराशे किलोची गाडी तेवढी वर न्यायला लागते सुमारे अडीच युनिट वीज. मोटरमध्ये वाया जाणारी ऊर्जा धरली तरी फार तर तीन. बॅटरी ४५ युनिटची असेल, तर हा खर्च किरकोळ आहे. उतरताना मोटरच जनित्राचं काम करते आणि त्यातला बराच भाग बॅटरीत परत येतो. पेट्रोलच्या गाडीत हीच ऊर्जा ब्रेक तापवण्यात जाते.

रेंज खरी खाल्ली जाते ती वेगाने. हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे घाटात साठने जाणाऱ्या गाडीला हवा फारशी अडवत नाही, पण घाट संपल्यावर सपाट रस्त्यावर शंभरचा काटा धरला की टक्के भराभर उतरायला लागतात.

गैरसमज : जाहिरातीत ४८९ किलोमीटर म्हटलंय, म्हणजे तेवढी चालणारच.

वस्तुस्थिती : हा आकडा प्रयोगशाळेतल्या रोलरवर, ठरावीक चक्रानुसार मोजलेला असतो. त्या चक्रात वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जातच नाही. ४५ युनिटच्या नेक्सॉन ईव्हीची प्रमाणित रेंज ४८९ किलोमीटर असली, तरी रोजच्या वापरात सुमारे ३५० ते ३७० मिळतील, असं खुद्द कंपनीच सांगते. पेट्रोल गाडीच्या मायलेजमधून चार-पाच वजा करायची सवय आपल्याला आहेच. तीच इथेही लावायची.

गैरसमज : रस्त्यात चार्जर नाहीत, म्हणून इलेक्ट्रिक परवडत नाही.

वस्तुस्थिती : बहुतेक चार्जिंग रस्त्यावर नाही, घरी होतं. १५ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर रात्रभर गाडी लावली, तर सकाळी दीड-दोनशे किलोमीटरची सोय झालेली असते. रोजच्या पन्नास किलोमीटरच्या जा-येला ते भरपूर आहे.

खरी अडचण आहे ती पार्किंगपर्यंत वायर आणण्याची. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार स्वतःच्या वीजजोडणीवरून घरी गाडी चार्ज करायला परवानगी आहे. पण मीटर तळमजल्याच्या एका टोकाला, आपली जागा दुसऱ्या टोकाला, मंजूर भार कमी आणि समितीची बैठक पुढच्या महिन्यात, असा मामला असतो. त्यात घरच्या मीटरवर चार्ज केलं की महिन्याचे युनिट वाढून वरच्या स्लॅबचा दर लागतो. म्हणून ईव्हीसाठी स्वतंत्र जोडणी घेतल्यास किती फरक पडेल, याचा हिशेब आधी करावा. आणि गाडी रस्त्याच्या कडेलाच लागत असेल, तर तूर्त इलेक्ट्रिकचा मोह आवरलेला बरा.

गैरसमज : पावसात शॉक लागतो, उन्हात पेट घेते.

वस्तुस्थिती : बहुतेक इलेक्ट्रिक कारच्या बॅटरीला आयपी ६७ मानांकन असतं. म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास राहूनही आत पाणी शिरत नाही. अर्थात तुंबलेल्या सबवेत गाडी घालण्याचा तो परवाना नव्हे. तिथे पेट्रोलचं इंजिनही कायमचं बसू शकतं.

आगीचं म्हणाल, तर २०२२ मध्ये इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्याच्या घटना घडल्या, पुण्यातही. त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षा चाचण्या कडक झाल्या आणि ते नियम टप्प्याटप्प्याने लागू झाले. पेट्रोलच्या गाड्याही पेटतात, पण त्यांचे व्हिडिओ कोणी पुढे पाठवत नाही. मात्र लिथियम बॅटरीची आग विझवायला खूप पाणी लागतं आणि विझल्यासारखी वाटूनही ती पुन्हा भडकू शकते. म्हणून लोंबकळत्या एक्स्टेन्शन बोर्डावर गाडी चार्ज करू नये.

गैरसमज : पाच वर्षांत बॅटरी बदलावी लागते.

वस्तुस्थिती : ही धास्ती मोबाइलच्या अनुभवातून आली आहे. गाडीच्या बॅटरीत तापमान आणि चार्जिंग यांवर लक्ष ठेवणारी यंत्रणा असते. आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर ही वॉरंटी आता सर्रास मिळते. काही मॉडेलना पहिल्या मालकासाठी आजीवन वॉरंटी आहे. गाडी सेकंडहँड घेणाऱ्याने यातलं 'पहिल्या मालकासाठी' हे नीट वाचावं.

गैरसमज : सगळ्या हायब्रिड सारख्याच.

वस्तुस्थिती : एकाच शोरूममध्ये उभी असलेली ग्रँड व्हिटारा दोन प्रकारांत मिळत आली आहे. माइल्ड हायब्रिडमध्ये छोटी मोटर इंजिनला नुसता हातभार लावते, एकट्या विजेवर गाडी हलत नाही. स्ट्राँग हायब्रिडमध्ये मोटर एकटी गाडी ओढू शकते. तिची बॅटरी जेमतेम पाऊण युनिटची असते. ती ब्रेक लावताना आणि इंजिनवर भरते, प्लगला लावायची नसते.

तिचा फायदा सिग्नल-सिग्नलला थांबणाऱ्या शहरात दिसतो. रिकाम्या महामार्गावर सलग धावताना तो बराच कमी होतो. करही पाहून घ्यावा. इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी ५ टक्के आहे, तर सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपेक्षा लांब हायब्रिडवर ४० टक्के.

गैरसमज : वीज कोळशाची, मग इलेक्ट्रिक गाडीने काय साधलं?

वस्तुस्थिती : हिशेब करून पाहू. भारतात एक युनिट विजेमागे सरासरी सुमारे ०.७२ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. शंभर किलोमीटरला वहनातली आणि चार्जिंगमधली गळती धरून १८ युनिट लागले, तर झाले १३ किलो. लिटरला १५ किलोमीटर देणारी पेट्रोल गाडी, तेल शुद्ध करण्याचा खर्च धरून, सुमारे १८ किलोवर जाते. लिटरला २२ देणारी स्ट्राँग हायब्रिड साडेबाराच्या आसपास राहते. म्हणजे आजच्या विजेवर हायब्रिड आणि इलेक्ट्रिक जवळपास बरोबरीत आहेत. शिवाय मोठी बॅटरी बनवतानाचं प्रदूषण इलेक्ट्रिकच्या खात्यावर वेगळं पडतं. फरक पुढे पडतो. विजेतला सौर आणि पवन ऊर्जेचा वाटा वाढेल तशी रस्त्यावरची जुनी इलेक्ट्रिक गाडीही स्वच्छ होत जाते. पेट्रोलच्या गाडीचं तसं होत नाही.

गैरसमज : अ‍ॅडास असलेली गाडी आपोआप चालते.

वस्तुस्थिती : इतका वेळ भीतीबद्दल बोललो, आता भरवशाबद्दल. स्वयंचलनाच्या शून्य ते पाच अशा पायऱ्या आहेत. भारतात अ‍ॅडास म्हणून विकलं जातं ते फार तर दुसऱ्या पायरीवरचं. त्यात गाडी पुढच्या वाहनापासून अंतर राखते, लेन सांभाळायला मदत करते, गरज पडल्यास ब्रेक मारते. पण रस्त्यावर नजर आणि स्टिअरिंगवर हात चालकाचेच लागतात. टेस्लाची 'फुल सेल्फ ड्रायव्हिंग' सुद्धा चालकाच्या देखरेखीखालीच चालते. चालकाविना प्रवासी नेणाऱ्या वेमोच्या टॅक्सी अमेरिकेतल्या फिनिक्स, सॅन फ्रान्सिस्कोसारख्या शहरांत धावतात, त्याही ठरवून दिलेल्या हद्दीत. आपल्याकडे तर डिसेंबर २०२३ मध्ये नितीन गडकरींनी नागपुरात स्पष्टच सांगितलं, की चालकांच्या रोजगारावर गदा आणणाऱ्या अशा गाड्या येऊ देणार नाही.

तरीही एक्स्प्रेसवेवर क्रूझ लावून शेजारच्या सीटवर सरकणारे, रील काढणारे महाभाग आहेत. जरा बारकाईने पाहा. लेन सांभाळणारा कॅमेरा पांढरे पट्टे बघतो. डांबराचं नवं ठिगळ पडलं आणि पट्टा पुसला गेला, की तो डॅशबोर्डवर राखाडी खूण दाखवून गपचूप काम सोडतो. पुढच्या गाडीशी राखलेल्या मोकळ्या जागेत स्कूटरवाला घुसला, की गाडी करकचून ब्रेक मारते आणि मागचा टेम्पो बंपरला येऊन टेकतो. कोकणातल्या मुसळधार पावसात काचेमागचा कॅमेरा आंधळा होतो. उलट्या दिशेने येणारा ट्रॅक्टर आणि दुभाजकातून उतरणारी म्हैस सेन्सरला प्रत्येक वेळी ओळखता येतीलच असं नाही.

म्हणून शोरूममध्ये बॅटरीबद्दल दहा प्रश्न विचारलेत, तर अ‍ॅडासबद्दलही दोन विचारा : ते कोणत्या परिस्थितीत बंद पडतं, आणि बंद पडताना कसं कळवतं? टेस्ट ड्राइव्ह पट्टे पुसलेल्या रस्त्यावरही घ्या. अपघात झाला तर पोलीस पंचनाम्यात नाव लिहितात ते स्टिअरिंगमागे बसलेल्या माणसाचं.