सगळ्यांचा रायगड सारखाच का दिसतो?

पाचाडहून रायगड चढणाऱ्याने गडावर काय टिपायचं हे बहुतेकदा आधीच ठरवलेलं असतं: मेघडंबरी, होळीचा माळ, टकमक टोकाचा कडा. मोबाइलवर त्याने तेच पाहिलेलं असतं. पायथ्याशी जिजाऊंसाठी बांधलेला वाडा आणि त्यातली तक्क्याची विहीर मात्र मागे राहते.

२००६ साली ‘सायन्स’मध्ये साल्गानिक, डॉड्स आणि वॉट्स यांचा एक प्रयोग छापून आला. १४ हजारांहून अधिक लोकांसमोर अपरिचित बँडची ४८ गाणी ठेवली होती. काहींना नुसती गाणी दिली. बाकीच्यांचे ८ गट केले आणि आपल्या गटात कोणतं गाणं किती जणांनी डाउनलोड केलं, तो आकडाही दाखवला. आकडा दिसताच पुढची गाणी आणखी पुढे गेली. पण कोणती, हे प्रत्येक गटात वेगळं निघालं. सुरुवातीच्या मोजक्या पसंतींनी पुढचं बरंचसं ठरवलं. रीलखालचे लाइकही असंच काहीसं करत असावेत.

पण पाहणाऱ्यांपेक्षा निर्मात्याच्या मनात काय घडतं, ते मला अधिक गंभीर वाटतं. १९९३ मधल्या एका अभ्यासात लोकांना आधी काही नमुने दाखवून नवी खेळणी आणि परग्रहावरचे प्राणी कल्पून त्यांची चित्रं काढायला सांगितलं. चित्रांत नमुन्यांचेच अवयव उतरले. ‘यापेक्षा वेगळं काढा’ असं बजावल्यावरही ते गेले नाहीत. म्हणून गडावर कॅमेरा काढणाऱ्या मुलांना मी पाचाडच्या वाड्यापासून सुरुवात करायला सांगेन. त्याचे नमुने अजून फारसे कुणाच्या डोक्यात नाहीत.